आबासाहेबांनी बिघडवलेली लड

गिरणीचे पाळणाघर मी हाती घेतले, त्याच आठवड्यात आबासाहेब रीळखात्याचे मास्तर होऊन सोलापुरात आले. पहिल्या दिवशी त्यांनी मला आधी नमस्कार केला. साहेब लोकांत असे घडत नसल्याने मी मागे वळून पाहिले. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात सगळे त्यांच्या शिस्तीवर लिहिणार. शिस्त! ती आधी काय कमी होती? रहाटावर सुताच्या लडी गुंडाळणाऱ्या बायका त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या नायकीण चंद्राबाईंच्या आवाजाने मान वर करीत नसत. सूत गुंतले की लड पदराखाली लपवून मोरीत कोंबत. कॉन्व्हेंटात आमच्या मदर छडी घेऊन फिरत, पण असा धाक मी तिथेही पाहिला नव्हता.

एका दुपारी नरसव्वा या तेलुगू बाईची तान्ही पोर पाळणाघरात तापाने डोळे फिरवू लागली. मी धावत खात्यात गेले. चंद्राबाई आडव्या आल्या.

"बाई, पाळणाघर तुमचं, खातं माझं. भोंगा झाल्याबिगर कोन बी उठनार न्हाई."

मी काय उत्तर दिले ते या ग्रंथात छापता येणार नाही. नरसव्वाचे हात रहाटावर आणि डोळे माझ्यावर. एवढ्यात आबासाहेब आले.

"नरसव्वा, तुम्ही दवाखान्यात जा. रहाट मी फिरवतो."

आणि खरोखर तिच्या पाटावर बसले! थोड्याच वेळात सुताचा असा गुंता झाला, की शेजारच्या म्हातारीला राहवेना.

"सायब, लडीच्या झिंज्या झाल्या की वो."

आबासाहेबांनी गुंता तिच्यापुढे धरला.

"मग शिकवा की, आजी."

हसू असे उसळले, की चंद्राबाईंनाही आवरेना.

ती लड त्यांनी टेबलामागच्या खुंटीवर, आपल्या टोपीशेजारी टांगली. तेव्हापासून बायका बिघडलेले सूत लपवेनाशा झाल्या. सरळ टेबलावर आणून ठेवू लागल्या. वेळेवर औषध मिळून नरसव्वाची पोर वाचली. आता शाळेत जाते आणि मला उलट उत्तरे देते.

आबासाहेबांच्या जागी आलेले नवे मास्तर खोली नीटनेटकी दिसावी म्हणून ती लड काढणार, असे कानावर आले आहे. महाराज, भिंतीवरच्या तसबिरी खुशाल उतरवा. त्या लडीला हात लावू नका. खाते तिच्यावर चालले आहे.

आबासाहेब, आपणांस शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. पाटावर बसण्याइतके गुडघे ठणठणीत राहोत, आणि लड नीट गुंडाळणे मात्र आपणांस कधीही न जमो.