पाठ केलेलं दुखणं

...तसं नाही गं, असं मधूनच सुरू केलंस तर वाचणाऱ्याला काय कळणार? आधी ‘पुढेबाई’ कोण ते लिही. माझ्या थोरल्या बहिणीची लेक. म्हणजे माझी भाची, तुझ्या आईची मावसबहीण, आणि तुझी मावशीच लागली की ती. शाळेत मोठ्या मुलांच्या पुढच्या शिक्षणाचं बघते. कुणी कुठल्या कॉलेजात जावं, सुट्टीत कुठं शिबिर असतं, कुठल्या प्रयोगशाळेत शाळेची मुलं घेतात, मुलाखतीत काय विचारतात, सगळं तिच्याच गळ्यात.

आणि पुढेबाई का, तर तिची सवय. मूल समोर बसवायचं आणि विचारायचं, “पुढे?” मूल म्हणणार, खेळायला गेलो. “पुढे?” पडलो. “पुढे?” असं करत करत पोराच्या पोटातलं सगळं बाहेर काढायची. मुलं म्हणायची, दवाखान्यात एक्स-रे काढायला वेळ लागतो, पुढेबाईंना तेवढाही लागत नाही.

तिची खोली म्हणशील तर खेळाचं सामान ठेवायची. चेंडूंच्या रबराचा वास, कोपऱ्यात गुंडाळलेली जाळी, आणि एक टेबल. त्या टेबलाचा एक पाय तोकडा, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. त्या टेबलाशी तिनं कितीतरी पोरं मार्गाला लावली.

पण एक होतं. लहानपणी ती स्वतः अशाच एका मुलाखतीला गेली होती. “स्वतःबद्दल सांग,” एवढंच विचारलं त्यांनी, आणि हिची जीभ जी टाळूला चिकटली ती सुटेचना. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला, तर तोही हातातून सांडला. उठून आली ती आलीच. तो सल काही गेला नाही. माझं एकही पोर कोरड्या तोंडानं आत जाणार नाही, असं तिनं मनाशी धरलं. म्हणून ती मुलांना उत्तरं घालूनच द्यायची. आधी अडचण, मग रडणं, मग डोळे पुसून उठणं, आणि शेवटी “त्या दिवशी मला कळलं की...” पहिल्यांदा एका मुलीला तसं बोलून जागा मिळाली, आणि हिला वाटलं, किल्ली सापडली. मग सगळ्या कुलपांना तीच किल्ली.

आता खटपटीचं ऐक. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची पोरगी. घरातली एक वस्तू तिनं धड ठेवली नव्हती, सगळं खोलून बघायचं, म्हणून बापानंच तिचं नाव खटपटी ठेवलं. दुसऱ्या गावातल्या मोठ्या कॉलेजात यंत्रांची कार्यशाळा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते शाळेतली मोजकी मुलं घेतात, तिथंच राहायचं, शिकायचं. आणि सुट्टीत जी मुलं तिथं कामं करून आली, त्यांना पुढं कॉलेजला घेताना ते लोक ओळखतात. बापानं स्पष्ट सांगितलं होतं, “तिथं घेतलं तर पुढं कॉलेजलाही पाठवीन. नाही घेतलं तर सुट्टीत आत्याकडे जायचं, तिची जुळी सांभाळायची, आणि मग इथंच जवळ काय मिळेल ते शिकायचं.” सरळ हिशेब. पोरीला ती जुळी माहीत होती. म्हणायची, “बाई, एक रडतं तेव्हा दुसरं चावतं.”

तर या खटपटीला बाईंनी समोर बसवलं. “अडचण सांग.” अडचण नाही म्हणाली. “पुढे?” काही नाही. “पुढे?” असं कितीदा तरी झाल्यावर पोरीनं मान खाली घातली आणि सांगितलं. तिच्या आईनं मध्यंतरी अंथरूण धरलं होतं. ताप नाही, काही नाही. उठायची नाही, जेवायची नाही, बोलायची तर नाहीच. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं. नातेवाइकांना सांगितलं, भावाकडे गेलीय.

“आईला कळू देऊ नका हं,” पोरगी म्हणाली. “तिला कुणी त्याबद्दल बोललेलं खपत नाही.”

“मुलाखतीच्या खोलीबाहेर जाणार नाही,” बाई म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर मनातून हरखल्या. याहून मोठी अडचण कुठून आणणार?

पोरीनं आणखी पण काहीतरी सांगितलं होतं, कुठल्याशा रेडिओचं आणि स्क्रूचं. बाई म्हणाल्या, “स्क्रूचं राहू दे गं. त्यात अडचण कुठंय? तू रात्ररात्र रडलीस ते घे.”

“रडले नव्हते.”

“मनात तरी रडली असशील ना? तेच.”

आणि पाठ करून घेतलं. नळ सोडल्यासारखं येईपर्यंत.

मुलाखतीचा दिवस उजाडला. कॉलेजचा तो लांब व्हरांडा, एका बाजूला लाकडी बाकं, समोर बंद दार. दुसऱ्या शाळांची पोरंही होती, भिंतीकडे बघून ओठ हलवत बसलेली. आपल्या शाळेची दोन, एक चष्मेवाला आणि एक खटपटी; चष्मेवाला बाई पोचायच्या आधीच आत गेला होता. वसतिगृहासाठी घरच्या कुणाची तरी सही लागायची, म्हणून खटपटीचा बाप येणार होता. आणि जिन्यावरून वर आली कोण? तर आई. हातात थर्मास, खांद्याला पिशवी, वर चढून दम लागलेला.

“यांना एका इमारतीत लिफ्ट अडकली म्हणून बोलावणं आलं,” ती म्हणाली. “म्हटलं, सहीच करायची ना, मीच जाते. बाई, चहा घेणार? घरचा आहे.”

बाईंनी झाकणात चहा घेतला खरा, पण नजर त्या बंद दारावर. तरी मनाला समजावलं, आई बाहेर बसेल, पोरगी आत बोलेल, हिला कुठं कळतंय?

तेवढ्यात चष्मेवाला आणि त्याचा बाप बाहेर आले. पोराचा चेहरा पांढराफटक. बाई उठून पुढं गेल्या. “काय झालं रे?”

“बाई, ते हसले.”

“हसले म्हणजे?”

“मी म्हणालो, त्या दिवशी मला... आणि त्यातल्या म्हाताऱ्या सरांनीच पुढचं म्हणून टाकलं. ‘कळलं की माणसानं हार मानू नये. हो ना?’ म्हणाले, तुमच्या शाळेत सगळ्यांना एकाच दिवशी कळतं वाटतं.” पोराचा आवाज चिरकला. “आणि बाई, यंदा घरच्यांनाही आतच बसवतायत. अगदी सुरुवातीपासून.”

बाई मागं वळून बघतात तर आई थर्मासचं झाकण रुमालानं पुसत बसलेली, आणि तिच्या शेजारी खटपटी. खटपटीनं सगळं ऐकलं होतं. पोरीचे डोळे नुसते बाईंवर.

बाईंनी तिला खांबाआड ओढलं. “ऐक, ते बोलायचं नाही.”

“मग काय बोलू?”

“दुसरं काहीतरी.”

“दुसरं काय?”

“अगं, तुझं काहीतरी.”

“माझं जे होतं ते तर तुम्ही काढून टाकलंत!” पोरगी दबक्या आवाजात ओरडली. “आता माझ्या डोक्यात तेवढंच येतं. दुसरं काही येतच नाही. आईसमोर कसं म्हणू मी ते?”

बाईंनी तोंड उघडलं. आणि तुला सांगते, तीच जीभ, तोच टाळू. एवढी बोलणारी बाई, एक शब्द सुचेना. तेवढ्यात दार उघडलं आणि शिपायानं खटपटीचं नाव पुकारलं. “पालक पण या.”

आई पदर सारखा करून उठली. थर्मास बाकावरच. दार लागलं.

मग बाई बसून राहिल्या. आतून आवाज येतोय का म्हणून कान टवकारलेले. आधी खुर्च्या सरकल्या. कुणीतरी पुरुषी आवाजात काही विचारलं. आणि मग काहीच नाही. अगदी काही नाही. बाईंना ती शांतता ओळखीची होती. पोरीच्या जागी स्वतःच बसल्यासारखं वाटत होतं त्यांना, हातातला पेला आता सांडणार, आता सांडणार. चष्मेवाला शेजारी बसून नखं खात होता. त्याचा बाप म्हणाला, “चला रे आता.” पोरगं हलेना.

मग आतून बाईमाणसाचा आवाज आला, वर चढलेला. दार धाडकन उघडलं. आई आधी बाहेर, मागून पोरगी, नाकाचा शेंडा लाल. आणि दारातून ते म्हातारे सर म्हणाले, “दोघी जरा बोलून घ्या. पुढच्या मुलाचं आटपतो, मग परत बोलावतो. पाठ केलेलं मात्र नको.”

आई सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली.

“काय पाठ करून दिलंत हो माझ्या पोरीला?”

“ताई, मी...”

“आत तोंड शिवून बसली. ते विचारतायत, काय झालं बाळ, तर म्हणते, मला जे शिकवलंय ते आईसमोर बोलता येणार नाही. मी म्हटलं असं काय आहे बाई ते? दहा वेळा विचारलं तेव्हा म्हणाली, तुझं दुखणं.” आई एक पाऊल पुढं आली. “माझ्या सख्ख्या नणंदेला माहीत नाही ते. आणि तुम्ही त्याचं भाषण केलंत?”

“पोरीच्या भल्यासाठीच...”

“माझं दुखणं विकायला काढलंत, बाई. भाव तरी काय आला?”

व्हरांड्यातली सगळी बाकं वळून बघायला लागली. बाई मान खाली घालून उभ्या. आईच्या बोलण्यात खोटं तर काही नव्हतंच.

“आई, चल घरी,” खटपटी म्हणाली. “नको मला. जाते मी आत्याकडे.”

“गप्प बस. आत्याकडे जाते म्हणे. ती जुळी तुला आठ दिवसांत कच्ची खातील.” आई बाकावर बसली, दोन्ही हातांनी गुडघे दाबत. मग म्हणाली, “काय सांगणार होतीस? म्हण बघू.”

“नको ना.”

“म्हण म्हटलं ना.”

पोरीनं म्हटलं. अगदी हळू, जमिनीकडे बघत. रात्ररात्र उशीत तोंड खुपसून रडले, मग अश्रू पुसले, घर सांभाळलं, त्या दिवशी मला कळलं की...

“रडत होतीस?” आई मध्येच म्हणाली. “कधी? मी तिथंच पडले होते ना! रडायला तुला सवड कुठं होती? रेडिओ खोलून बसली होतीस माझ्या पलंगाखाली. सगळे तुकडे पसरून. आणि जोडता येईना म्हणून शिव्या देत होतीस. रेडिओला की मला, कुणास ठाऊक.”

“दोघांना,” पोरगी म्हणाली.

“बघा! आणि एक स्क्रू हरवला म्हणून आख्खी खोली शोधत होती. दवाखान्यातून घरी आणलं तरी किती दिवस माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. पण हिचा तो धुमाकूळ ऐकवेना. म्हटलं, अगं मेले, तुझ्याच गुडघ्याखाली आहे तो.”

पोरगी हसली की रडली, बाईंना कळलं नाही. दोन्ही असेल.

“ते का नाही सांगत?” आई म्हणाली.

“सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, स्क्रूचं राहू दे.”

आईनं वर बघितलं. बाईंना वाटलं, याच्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

दार उघडलं. आई उठली, पोरीच्या दंडाला धरलं. “सांगायचंच तर धड सांग. आणि विसरलीस तर मी आहे शेजारी.” मग म्हणाली, “कळलं तर कळलं लोकांना. मेले थोडीच होते.”

या वेळी दार नीट लागलंच नाही, बोटभर फट राहिली. बाईंना ऐकू येत होतं. पोरगी अडखळत होती. मध्येच थांबायची. एकदा तर इतका वेळ थांबली की बाईंनी बाकाची कड घट्ट पकडली. इतक्या वर्षांची सवय, तोंडावर आलंच होतं, “पुढे?” पण गिळलं. आणि आतून आई म्हणाली, “अगं, आधी बॅटरी काढली होतीस. ते सांग की.” म्हातारे सर खोकल्यासारखे हसले. या हसण्यात टोचणारं काही नव्हतं, एवढं बाईंना कळलं.

“मग तो रेडिओ लागला का?” कुणीतरी विचारलं.

“नाही,” खटपटी म्हणाली. “अजून लागत नाही. म्हणून तर इथं यायचंय.”

बाहेर आल्यावर पोरगी चष्मेवाल्याशी बोलत जिन्याकडे गेली. बाई आईला म्हणाल्या, “ताई, तुमचे फार उपकार झाले.”

आई पिशवी खांद्याला लावत होती. तिनं मान वर केली नाही. “पोरीसाठी बोलले,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी नाही.” आणि निघून गेली.

थर्मास तसाच बाकावर राहिला.

नंतर शाळेत फोन आला. खटपटीला घेतलं. चष्मेवाल्याला नाही घेतलं, गं. बाईंनी स्वतः त्याच्या घरी जाऊन सांगितलं, चूक त्याची नाही, माझी. आता ती पोरांना काही पाठ करून देत नाही. खेळाच्या त्या खोलीत बसून नुसतं “पुढे?” विचारते, आणि मूल गप्प बसलं तर स्वतःही गप्प बसते. तिला ते फार जड जातं, माहितेय? पेन हातात घेते, खाली ठेवते, परत घेते.

आणि तो थर्मास तिच्या खिडकीत आहे. घासून, पुसून, पालथा ठेवलेला. खटपटी गेलीय कार्यशाळेत, तिच्या हाती द्यायचा तर तीही नाही. नेऊन द्यायला दोनदा निघाली आणि दोनदा कोपऱ्यावरून परत आली. त्या आईसमोर उभं राहायची छाती होत नाही तिची. तू नाहीतरी उद्या त्यांच्या गल्लीतून जाणार आहेस. तेवढा थर्मास नेऊन दे बाई. आणि त्या आईला सांग, पुढेबाई स्वतः येते म्हणतात, चालेल का तुम्हाला? जे काय म्हणेल ती, हो किंवा नाही, तेवढंच ऐकून ये. तू तिला ‘पुढे’ विचारत बसू नकोस.