शेवंताच्या नावाचा गजर

सांगली, १८ जानेवारी १९४७

मैत्रिणींनो, आपण शिक्षिका एकीकडून दुसरीकडे पाठवतो ते फिरतं पत्र माझ्याकडे येऊन इतके दिवस अडलं, त्याबद्दल माफ करा. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

साताऱ्याच्या आमच्या शाळेतल्या दोन मुलींना दोरीच्या मल्लखांबाच्या सामन्यांसाठी, आणि त्यांना जोर द्यायला वर्गातल्या आणखी काही मुलींना, मी इथे आणलं होतं. आधी इंदू चढली. "वरडा की गं, त्याबिगर माजे हात चालत न्हाईत!" असं तिनं बाकीच्या मुलींना बजावलंच होतं. त्या ओरडल्या आणि ती हसत हसत सगळी आसनं करून उतरली.

मग शेवंता. तिनं दोरी धरून डोळे मिटले. मला वाटलं, घाबरली. मी मुलींना खूण केली आणि तिच्या नावाचा गजर सुरू झाला. अर्ध्यावर ती थांबली, घसरली आणि खाली आली.

"तुज्यासाठी घसा फोडला की गं आमी!" इंदू म्हणाली.

"त्यानंच झालं," शेवंता म्हणाली. "फुडचं आसन मनात म्हणत व्हते. नाव ऐकलं आन् इसरले."

निघताना तिच्या वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "आवं बाई, सांगलीत जमलं तर फुडं खेळंल, न्हाई तर बास."

एकाच दोरीवर शिकवलं म्हणून दोघींचे स्वभाव मी एकच धरले. गप्प मुलगी भ्यायली आहे की मन लावते आहे, हे तुम्ही कसं ओळखता?

उद्या: परतताना वाटेत शेवंताच्या गावी, कोरेगावला उतरून तिच्या वडिलांना सांगणे, चूक माझी होती, तिची नव्हे.