घड्याळवाल्या काकांच्या यादीतलं विणकाम

माझ्या थोरल्या जाऊबाई बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयात काम करतात. ज्यांना दिसत नाही असे सभासद वेबसाइटवर लॉगिन करतात, फोन त्यांना पानावरचा शब्द न् शब्द वाचून दाखवतो, आणि हवं ते पुस्तक ते ऐकतात. जाऊबाई दहावीपर्यंतच शिकलेल्या, पण वेबसाइट त्याच सांभाळतात. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणतात, कामानंच शिकवलं.

आपलं अर्धवट ऐकलेलं पुस्तक शोधायला सभासदांना सगळी यादी ऐकावी लागायची. म्हणून जाऊबाईंनी लॉगिन केल्यावरच मेनूत येईल अशी एक लिंक घातली: माझी पुस्तके. दाबून बघितली, पुस्तकं बरोबर आली. मनातल्या मनात देवाला हात जोडून त्या घरी आल्या.

चौथ्या दिवशी एका सभासदाचा, घड्याळवाल्या काकांचा, फोन. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. चाचरत विचारत होते, की मी विणकामाचं पुस्तक कधी घेतलं? आणि गुडघेदुखीवरची दोन? जाऊबाईंनी आपल्या पडद्यावर बघितलं, सगळं ठीक. मलाही दाखवलं, ठीकच होतं. लिंक काढून पुन्हा घातली. काका म्हणाले, अजून विणकामच. आम्ही दोघी पार चक्रावलो.

दुसऱ्या दिवशी काकांच्या सुनेनं फोन करून सांगितलं, की बाबा स्वतःलाच घाबरलेत. आपण विसरायला लागलो म्हणतात, आता गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतही एकटे जात नाहीत. तिनं डॉक्टरांची वेळही घेतली होती. जाऊबाईंनी तशाच चपला घातल्या. मीही काकांकडे गेले.

काकांचा फोन एकेक नाव वाचू लागला. तिसऱ्या नावाला जाऊबाईंचा हात तोंडावर गेला. ते पुस्तक जाऊबाईंनी स्वतः कालच ऐकायला घेतलं होतं; विणकाम, गुडघेदुखी तर बऱ्याच जणी घेतात, म्हणून आधी शंका आली नव्हती. लिंक करताना त्यांनी स्वतःच्या पानाचा पत्ता उचलला होता, त्याच्या शेवटी असलेल्या आपल्या सभासद क्रमांकासकट. दोनशे सभासद त्यांचीच पुस्तकं ऐकत होते. त्यातल्या दोन बायकांनी तर गुडघ्याचं एक संपवलंही होतं.

"काका, ती पुस्तकं माझी आहेत. माझ्या पानाचा पत्ता मी सगळ्यांना लावला. मला माझंच दिसायचं, म्हणून चूक कळेना."

काकांनी फोन बाजूला ठेवला. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"आहे. माझं नव्हतं."

"मग सूनबाईला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, बाबा सारवासारव करतायत."

जाऊबाईंनी तिथेच बसून आपला क्रमांक काढला, आणि जो आत येईल त्याचाच क्रमांक घ्यावा अशी सोय केली. मग स्वयंपाकघरात जाऊन सगळं सांगितलं. सुनेला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तिनं वेळ रद्द करायला डॉक्टरांकडे फोन लावला.

तिचं बोलणं संपायच्या आत बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला. जिन्यावरून काठी टेकत काका एकटेच खाली निघाले होते.