फियाट की ॲम्बॅसॅडर

अजिंठ्यात लेणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी आमच्या दोन गाड्या असायच्या. माझी जुनी फियाट आणि शेजारच्या चाचांची तिच्याहून जुनी ॲम्बॅसॅडर. चहा पिता पिता आमचा रोजचा वाद. मी म्हणायचो, "चाचा, माझी हजार एकोणनव्वद सीसीची, पण वजनाला हलकी. स्टेअरिंग दोन बोटांनी फिरतंय." चाचा म्हणायचे, "माझी चौदाशे एकोणनव्वद. मागच्या सीटवर माणूस झोपून जातो, बेटा. तुझ्या गाडीत पाय तरी पसरतात का?"

मग एका दुपारी थोरला भाऊ पत्रे बसवताना छतावरून पाठीवर पडला. "पाय कुठंयत रे माझे?" एवढंच तो विचारत होता.

मी फियाट काढायला धावलो. चाचांनी किल्ली धरली. "बसवून नेशील तर मरंल तो. फळीवर आडवाच न्यायचा."

भाऊ ठेंगणा, म्हणून फळीसकट ॲम्बॅसॅडरच्या मागच्या सीटवर मावला. वहिनी खाली, दोन सीटांमधल्या फटीत बसून त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून राहिली. मी चाचांच्या शेजारी.

मोठा दवाखाना शहरात, शंभर किलोमीटरवर. रस्ता उखडलेला. चाचा प्रत्येक खड्ड्याआधी गाडी जवळजवळ थांबवत होते. सिल्लोड यायलाच दीड तास गेला. मी घड्याळ बघत होतो, ओरडत होतो, "चाचा, दाबा की!"

"दाबली तर उडंल. उडली तर पाठ गेली."

चौक्याच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत चढू लागली. एक फियाट आम्हाला मागं टाकून वळणाआड गेली. तेवढ्यात भावाचं कण्हणं थांबलं. वहिनी किंचाळली. मी चाचांचा दंड धरून हलवला, रडलो, शिव्या दिल्या. त्यांनी नजर रस्त्यावरून काढली नाही.

भाऊ बेशुद्ध झाला होता. वाचला, पण पाय गेले ते गेलेच.

डॉक्टरांनी सांगितल्याबरोबर मी बाहेर आलो आणि दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या चाचांना म्हणालो, "तुमच्या डबड्यानं माझ्या भावाचे पाय खाल्ले." चाचा उठले, टोपी नीट केली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीच मला बोलावून विचारलं, "आणलं कोणी याला? तो पडला त्या क्षणीच पाय गेले होते. मानेलाही मार होता; बसवून आणला असता, दणके बसले असते, तर हातही गेले असते. कदाचित श्वासही."

मी घरी यातलं काहीच सांगितलं नाही. चाचांशी बोललोही नाही. तोंडच नव्हतं. लेण्यांच्या फाट्यावर दोघं शेजारी गाड्या लावायचो आणि दोन दिशांना बघायचो. असे पाच महिने.

शेवटी वहिनीकडूनच भावाला कळलं; पायरीवरचं माझं बोलणं तिनं ऐकलं होतं, आणि डॉक्टरांचंही. अंथरुणावरून तो म्हणाला, "चाचाला काय बोललास तू? चल, मला घेऊन चल."

मी त्याला पाठीवर घेतला. चाचा दारात भाजी निवडत होते. मी काही बोलायच्या आत भावानं दोन्ही हात जोडून वर केले. चाचांनी ते हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.