एका कॅज्युअल ऑफिसाची तपासणी

नोकरीच्या पहिल्या वीस-बावीस वर्षांत 'कॅज्युअल' हा शब्द मला दोनच कामांसाठी लागला. एक रजा आणि दुसरी माणसं. मी कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात कारकून होतो. कायम कामगाराला वर्षाला सात कॅज्युअल रजा मिळत आणि कायम नसलेला कामगार स्वतःच कॅज्युअल असे. पहिल्याचा अर्ज मी फाइलला लावत असे आणि दुसऱ्याचं कमी केल्याचं पत्र टाइप करत असे. पुढे मुलगा शाळेत जायला लागल्यावर त्याच्या प्रगतिपुस्तकात आणखी एक अर्थ सापडला: 'अभ्यासात फार कॅज्युअल आहे.' एकूण या शब्दाबद्दल चांगलं काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

मग कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. त्यातली स्वेच्छा कारखान्याची होती. त्रेचाळिसाव्या वर्षी मी कर्वेनगरातल्या एका बंगल्यात चालणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीत ॲडमिन म्हणून लागलो. त्या काळात पुण्यात दर चौथ्या बंगल्यात अशी एक कंपनी असे. खाली मालकाचे आईवडील, वर पंचवीस संगणक आणि जिन्यात पंचवीस जोडी चपला. दोन हजार साल तोंडावर आलं होतं. अमेरिकेतल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे दोन आकडे असत, ते चार करून द्यायचे हे आमचं काम. जागतिकीकरण म्हणतात ते हेच का, असा प्रश्न मला पडे, पण मी तो कोणाला विचारला नाही.

मालक एकतीस वर्षांचा, अमेरिकेहून परतलेला. ऑफिसात हाफपँटवर फिरे. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "इथे सर-बिर काही नाही हं. नावाने हाक मारायची. आपण एकदम कॅज्युअल आहोत."

तत्त्व म्हणून मला हे आवडायला हवं होतं, आणि आवडलंही. कारखान्यातल्या साहेबांच्या खुर्च्यांवर टाकलेल्या पांढऱ्या टॉवेलांची मी जन्मभर टिंगल केली होती. पण तत्त्वाला पटलेलं जिभेला वळेना. मग मी मधला मार्ग काढला. मराठीत कर्त्याला बाजूला ठेवून बोलायची उत्तम सोय आहे. "चहा सांगायचा का?" "या बिलावर सही हवी होती." अशा वाक्यांवर मी सहा महिने काढले. मालकाला नावाने हाक मारली नाही आणि सरही म्हटलं नाही. तो पाठमोरा असला की खोकायचो.

बाकी मुलं मात्र सर्रास "अरे, हे तू काल काय पाठवलंस?" असं मालकाला विचारत. त्यांत अमरावतीकडची एक मुलगी होती. चोवीस वर्षांची, कामात सगळ्यांत तल्लख. मला मात्र ती काका म्हणे, आणि ते कोणाला खटकत नसे. एका शुक्रवारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"काका, बाबा येऊन राहिले. सोमवारी."

"या म्हणावं."

"माझी ऑर्डर घेऊन येऊन राहिले."

वडिलांच्या इच्छेखातर तिने राज्य सरकारची परीक्षा दिली होती आणि दुर्दैवाने ती पास झाली होती. वर्ग दोनचं पद, रुजू व्हायला आठ दिवस उरलेले. तिला इथेच राहायचं होतं. वडील पाटबंधारे खात्यात अधिकारी. फोनवर तिने सांगितलं होतं की ऑफिस मस्त आहे, एकदम कॅज्युअल. त्यावर ते म्हणाले होते, आधी मी येऊन बघतो, मग ठरवू.

"तू स्वतः नाही म्हणू शकतेस की," मी म्हटलं.

"म्हणू शकते. पण मग घरी कोणत्या तोंडाने जाऊ? माझ्या शिक्षणापायी त्यांनी काय काय केलं, तुम्हाला नाही माहीत." थोडं थांबून म्हणाली, "काका, एक दिवस सगळ्यांनी सर म्हटलं तर?"

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. मी कोणी काय करायचं याची यादी केली.

मालकाने हे खेळासारखं घेतलं. फुलपँट घातली, खालून आपल्या वडिलांचा टाय मागून आणला. मी त्याच्या दारावर पाटी लावली, मंडईजवळून टेबलावर ठेवायची घंटी आणली आणि, सांगायला लाज वाटते, त्याच्या खुर्चीवर स्वतःच्या हाताने पांढरा टॉवेल टाकला. शनिवारी तालीम झाली. "सर, तुम्ही काल काय पाठवलंस?" असं म्हणून मुलं खिदळत होती. ऑफिसची झाडलोट आणि चहा बघणाऱ्या मावशी दाराशी उभ्या राहून ही मजा बघत होत्या. त्यांना तालमीची गरज नव्हती.

सोमवारी दहाच्या ठोक्याला वडील आले. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, हातात प्लॅस्टिकची फाइल. मी त्यांना मालकाच्या खोलीत नेलं. मालकाने घंटी वाजवली. एक मुलगा "मे आय कम इन, सर?" म्हणत आला आणि अति उत्साहात सॅल्यूटसारखं काहीतरी करून गेला. दुसरा एक कागद आणून "सर, आपली सही" म्हणाला. कागद कोरा होता. मग मावशींनी चहा आणला. "सर, चहा." वडिलांनी दोन्ही हातांनी कप घेतला आणि "आभारी आहे, ताई" म्हणाले.

मावशी गेल्यावर त्यांनी मालकाला विचारलं, "कंपनीला किती वर्षं झाली?"

"तीन, सर."

"आणि याला?"

"कशाला?"

"टॉवेलला."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी घंटीकडे पाहिलं.

"तीस वर्षं तपासण्या केल्या मी," वडील शांतपणे म्हणाले. "जिथे जावं तिथे भिंतीचा चुना ओला असते. हाताला लागते. तुमच्या टॉवेलवर अजून दुकानातली घडी आहे. नाटक करून राहिले तुम्ही सगळे. सर म्हणताना एकजात अडखळून राहिले. त्या ताई तेवढ्या नाही अडखळल्या. त्या रोजच म्हणत असतील."

मुलगी दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. "बाबा, मीच सांगितलं होतं."

"यादी माझी होती," मी म्हटलं.

"यादी चांगली आहे," ते म्हणाले.

मालकाने टाय काढून टेबलावर ठेवला. ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. "सॉरी. खरं म्हणजे इथे सगळे मला नावाने हाक मारतात."

"सगळे?"

"सगळे."

"त्या ताई?"

"त्यांना आम्ही मावशी म्हणतो."

"ते तुम्ही त्यांना. त्या तुम्हाला?"

वडिलांनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि मग बोलले, रागावून नाही, एखादी जुनी फाइल उघडावी तसे.

"माझ्या बापाला गावातलं दहा वर्षांचं पोर अरे म्हणे. नाव अर्धं तोडून. छप्पन साली आमच्या घरानं धर्म बदलला, पण गावाची जीभ नाही बदलली. तेही सगळं कॅज्युअलच होतं. मी अधिकारी झालो तेव्हा बाप साठीचा. घरी कोणीतरी आलं, 'साहेब आहेत का' म्हणून विचारलं. बाप आत येऊन मला म्हणते, 'साहेब, तुम्हाला बोलावलं.' थट्टा नव्हती करत. तो शब्द त्याला एकदा आपल्या तोंडात घेऊन पाहायचा होता." मग मालकाकडे वळून म्हणाले, "तुम्हाला तो नको, हे चांगलंच आहे. तुम्हाला तो कधी कमी पडला नाही."

हे बोलणं मालकाला होतं, पण बसलं मला. खुर्चीवरच्या टॉवेलाला मी वीस वर्षं हसलो आणि त्याला माझी चिकित्सक वृत्ती समजत आलो. त्या हसण्यासाठी मला काही गमवावं लागलं नव्हतं, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

"आता रोज चालते तसं चालवा," वडील उठत म्हणाले. "मी कोपऱ्यात बसतो. चुना नका मारू."

ते हॉलच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. पहिला तास सगळे परीक्षेला बसल्यासारखे काम करत होते. मग अमेरिकेहून रात्री आलेली एक तक्रार कोणीतरी उघडली. आम्ही दुरुस्त करून पाठवलेला प्रोग्रॅम काही तारखा चुकीच्या दाखवत होता. पाहुणा आहे हे पाच मिनिटांत सगळे विसरले. मालक फळ्यावर उपाय लिहायला लागला. बाण काढले, चौकोन काढले.

"नाही," मुलगी म्हणाली. पुढे तिने त्याचं नाव घेतलं. "हे चूक आहे. तू कालचा कोड वाचलाच नाहीस."

"वाचलाय."

"मग नीट नाही वाचलास. परत वाच."

आता सगळ्यांना कोपऱ्याची आठवण झाली. मुलगी लाल झाली, पण मागे हटली नाही. मालक संगणकाशी वाकून वाचत राहिला. दोनेक मिनिटं गेली असतील. मग त्याने शर्टाच्या बाहीनेच फळा पुसला. "हो. चुकलो. तू सांग."

तिने खडू घेतला. वडिलांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला.

थोड्या वेळाने ते गच्चीत आले. मी तिथेच होतो. कारखान्यातून आलोय हे मी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. "तुमच्या कारखान्यात साहेबाला असं बोलता येत होतं?"

"येत होतं. निवृत्तीच्या दिवशी, भाषणात. तेही आडून."

"मी एकदा बोललो होतो. कालव्याचा उतार चुकला म्हणून. चार वर्षं घरापासून लांब बदली. कालवा अजून उलटाच वाहते." मग आवाज खाली आणून विचारलं, "हिला काय होईल आता?"

"काही नाही. दुपारी तो तिच्या डब्यातलं खाईल."

"विचारून?"

"नाही."

ते पहिल्यांदाच हसले. मग म्हणाले, "टाइप करता येते ना तुम्हाला? नाही म्हणायचं तर लेखी म्हणावं लागते. मुदतीच्या आत."

मी संगणकासमोर बसलो. ते मागे उभे राहून सांगत होते आणि मुलगी शेजारी नखं खात उभी होती. 'प्रति, मा. सचिव महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की...' एक वाक्य पान संपत आलं तरी संपेना. मालक डोकावला. "एवढं कशाला? 'मला यायचं नाही' इतकंच ना?"

"तुम्ही थांबा जी," वडील म्हणाले. "तुमचं दुसरं काम आहे. त्या ताईंना काय म्हणायचं आणि त्यांनी तुम्हाला काय म्हणायचं, ते त्यांनाच विचारा. ऑर्डर नका काढू. विचारा."

मावशी दुपारचा चहा घेऊन आल्या होत्या. मालकाने तिथेच, आम्हा सगळ्यांसमोर, अवघडत विचारलं. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"मी सरच म्हणणार. मला बरं वाटतं तेच. पण मला मावशी नका म्हणू."

"मग?"

"नावानं हाक मारा, ताई म्हणा. मी छत्तीस वर्षांची आहे."

मी त्रेचाळीसचा होतो आणि सहा महिने त्यांना मावशी म्हणत होतो. सगळ्यांनी आपापला कप उचलला.

पत्राची प्रिंट निघाली. वडिलांनी ती मुलीपुढे ठेवली आणि खिशातलं एक पेन दिलं.

"वाचून सही कर."

"तुम्ही सांगितलंय बाबा, वाचायचं काय त्यात?"

"मी सांगितलं म्हणून बरोबर असते का? वाच."

तिने वाचलं. सगळं वाचलं, मग बोट एका ओळीवर ठेवलं. "बाबा, 'सविनय' दोनदा झालंय."

त्यांनी कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघितला.

"झालं खरं," ते म्हणाले. "काढा एक."

मी एक सविनय काढला आणि नवी प्रिंट दिली. तिने सही केली.