बंद गाडीतला काटा

भूत, भास, संकेत असलं कुणी सांगायला लागलं, की ‘झोप झाली का रे नीट?’ असं विचारणारा मी माणूस. या ग्रुपवरचे असले अनुभवसुद्धा हसण्यासाठीच वाचायचो. आज माझाच लिहितोय... हसायचं असेल तर खुशाल हसा.

आमचं गाव निरगुडसर. नाना, म्हणजे माझे वडील, जाऊन वर्ष झालं. त्यांची टर्बो डिझेल जीप कांदे साठवायच्या बराखीशेजारी नुसती उभी असायची. मी पुण्यात नोकरीला, घरी आई एकटी. चालवणार कोण? म्हणून विकायला काढली. लोणी गावचे एक पावणे गाडी बघून गेले. “चढाला वढत न्हाई राव, टर्बो गेलाय हिचा,” म्हणाले. आई मात्र रोज सकाळी गाडी पुसायची, जणू नाना आत्ता निघणार आहेत.

टर्बो चांगला आहे हे दाखवायला मी बूस्ट मीटर बसवून घेतला. टर्बो किती दाबाने इंजिनात हवा भरतो, ते त्याचा काटा सांगतो. बसवला वारूळवाडीच्या सलीम मेकॅनिकने, माझ्या शाळेतल्या मित्राने. पण काटा शून्यावर जो बसला तो हलेचना! इंजिनापासून मीटरपर्यंतच्या पाइपाचे जोड तपासले, क्लिपा बदलल्या... काही नाही. शेवटी सलीमने मीटरला थेट पंपाने हवा दिली, तर काटा झकास उठला.

“मीटर बरा हाय भाऊ. पायपातच कुठंतरी घोळ हाय. आज असाच जा, उद्या दुसरा टाकू.”

माझ्यासमोर त्याने पाइप इंजिनापासून सोडवला, तिथलं तोंड बोल्ट लावून बंद केलं आणि सुटं टोक बॉनेटखाली बांधून ठेवलं. म्हणजे मीटरचा आणि इंजिनाचा संबंधच संपला.

येताना रस्ताभर नाना आठवत होते. त्यांची एक खोड होती — गाडी बंद करण्याआधी जोरात एक रेस द्यायची आणि मग चावी फिरवायची. जुन्या ट्रॅक्टरची सवय. टर्बोला ते वाईट, त्यावरून मी कितीदा भांडलोय! “आरं, तुज्या आईला कळाया नको व्हय, मी आलोय त्ये?” म्हणून हसायचे. आणि खरंच, रेस ऐकली की आई चहा टाकायची. नाना पाय धुऊन पडवीत बसले की कप हातात.

उन्हं कलताना घरी पोचलो. गाडी बराखीशेजारी लावली, रेसबिस न देता शांतपणे बंद केली, चावी काढली... आणि समोरचा काटा उठला. अर्ध्यापर्यंत गेला, जरा थांबला, सावकाश खाली आला. आवाज काहीच नाही. मी बघतच बसलो.

उतरून बॉनेट उघडलं. पाइपचं टोक बांधलेलं तसंच, बोल्ट जागच्या जागी. पाइपात हवा तापली असेल, अशी स्वतःची समजूत घालत आत गेलो.

आई गॅससमोर उभी होती. चहा उकळत होता, आणि शेजारी नानांचा कानतुटका मोठा कप काढून ठेवलेला.

“आज तूबी रेस दिलीस व्हय रं?” ती म्हणाली. “लई दिसांनी आयकली. हात आपसूक गेला बघ कपाकडं.”

मी रेस दिली नव्हती. पण तिचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा असा उजळला होता. “हो,” म्हणालो, आणि नानांच्या कपातून चहा प्यायलो. रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी नवा पाइप टाकला. काटा नीट चालायला लागला. टर्बो ठणठणीत, एअर फिल्टर तेवढा चोंदला होता, म्हणून गाडी चढाला ओढत नव्हती. सलीमला सगळं सांगितलं, तर तोही म्हणाला, पाइपात हवा तापली असेल. हवा तापली म्हणावं, तर मग आईने काय ऐकलं? मला आजही कळलेलं नाही.

पावण्यांना नाही म्हणून कळवलं. गाडी आता माझ्याकडेच असते. दर शनिवारी तिनेच गावी येतो, बराखीशेजारी थांबतो, आणि बंद करण्याआधी जोरात एक रेस देतो. टर्बोला वाईट असतं, माहीत आहे. आत आई चहा टाकते.