घर बघायला गेलेल्या तिघी

मोठे काका आम्हाला नाशिकरोड स्टेशनवर सोडायला आले, पण फलाटावर आले नाहीत. ते रागावले की बोलत नाहीत, गाडीची काच वर करून घेतात. मी आणि आई आपापल्या पिशव्या घेऊन आत गेलो. छत्रपती संभाजीनगरला जायचं होतं. त्यांच्या रागाचं कारण एवढंच, की मी स्वतःच माझं होऊ घातलेलं सासर बघायला निघाले होते.

गेल्या भाद्रपदात माझे पप्पा गेले. तेरावा झाला आणि घरात एकच विषय सुरू झाला: वर्षाच्या आत गौरीचं लग्न. आमच्यात रीत अशी की आई-वडिलांपैकी कोणी गेलं तर मुलीचं लग्न वर्षश्राद्धाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मी एका दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना 'श्वास रोखा, हलू नका' म्हणून सांगते. पप्पा गेल्यावर घरातले सगळे मला तेच सांगायला लागले.

स्थळ चांगलं होतं. मुलगा, निखिल जाधव, पैठण रस्त्यावर चितेगावच्या एका कारखान्यात इंजिनिअर. पत्रिका जुळली, फोनवर बोलणं झालं, राहिलं होतं ते घर बघणं. मुलीकडची पुरुष मंडळी मुलाच्या घरी जाऊन घर, पाणी, माणसं पाहून येतात. पप्पा असते तर तेच गेले असते. आता काका निघाले. मी म्हटलं, राहायचं मला आहे, तर बघायला मीच जाते, आईला घेऊन.

"नवरी मुलगी कधी घर बघायला जाते का? हसतील लोक," काकू म्हणाली.

"हसू देत. तेवढाच त्यांना विरंगुळा."

काकांना माझ्यापेक्षा आईचं जाणं खटकलं. "शोभानं शुभकार्यात पुढं होऊ नये," ते म्हणाले, आणि हे त्यांनी आईच्या देखतच म्हटलं. कन्यादानाला आपण आणि काकू बसणार, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. आई कुठं बसणार हे कोणी ठरवलं नव्हतं, कारण विधवा बाईनं मांडवात मागं राहायचं हे वेगळं ठरवावं लागत नाही. मी मात्र ठरवलं होतं. माझ्या लग्नात माझी आई पुढं बसेल, नाहीतर लग्न होणार नाही. हे मी अजून कोणाला बोलले नव्हते, आईलाही नाही.

मनमाडपर्यंत खिडकीबाहेर आपलंच जग असतं, द्राक्षांचे मांडव आणि कांद्याच्या चाळी. मनमाड सोडलं की जमीन मोकळी आणि कोरडी होत जाते. माघाचे दिवस होते. वेचून झालेल्या कपाशीच्या काळ्या पराट्या (वाळलेली झाडं) उभ्या होत्या आणि मधूनच ज्वारीचा हिरवा तुकडा दिसे. लासूर स्टेशनला एक बाई पेरूची पाटी घेऊन डब्यात चढल्या. पेरूला तिखट-मीठ लावता लावता त्यांनी आईला विचारलं, "कुठं चाललात, माय?"

"हिचं घर बघायला," आई म्हणाली.

"बघा बघा. नीट बघा. आमच्या टायमाला कुणी दाखवलं नाय," असं म्हणून त्यांनी एक पेरू जास्तीचा दिला. घर सोडल्यापासून मिळालेला तो पहिला आशीर्वाद. पुढं दौलताबादचा किल्ला दिसला. इतका उंच खडक आणि त्याच्या पोटातून वाट. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पाणी कसं चढवत असतील गं?" घर बघायला निघालेल्या बाईला किल्ल्यातही पाणीच दिसतं.

स्टेशनवर आत्या उभी होती. ती पप्पांची मोठी बहीण, लग्न होऊन या शहरात आली ती इथलीच झाली. राहते छावणीत, लष्कराच्या भागात. "कवाची वाट बघायले मी. गाडी लेट झाली व्हय?" म्हणत तिनं आईच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि रिक्षावाल्याशी दखनी हिंदीत भांडायला सुरुवात केली. "कायकू इत्ता बोलते तुम? छावणी बोली मैं, मुंबई नै बोली." रिक्षावाला हसून म्हणाला, "हौ अम्मा, बैठो, तुमसे कौन जीतेगा." छावणीचे रस्ते शिस्तीचे आणि झाडांचे. बाजार तेवढा बेशिस्त. घरी पोचलो तर आत्यानं येसर आमटी (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ लावून केलेली) आणि भाकरी केली होती. तिसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्या म्हणाली, "रडून घे, कारण चांगलं सापडलंय." मग आम्ही तिघीही थोड्या रडलो. पप्पांना ही आमटी फार आवडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. बीड बायपासच्या पलीकडं, शहराला लागून असलेल्या सातारा डोंगराकडं नव्या वसाहती झाल्यात. सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळी घरं पिवळसर. निखिलच्या वडिलांनी फोनवर पत्ता सांगितला होता: हनुमान मंदिराच्या मागं, जाधवांचं घर. मंदिर सापडलं. मागच्या गल्लीत गेटवर 'जाधव' पाटी, दारात मोठी रांगोळी, आणि एक गृहस्थ रस्त्याकडं डोळे लावून उभे.

"या, या. कवाची वाट बघायलोत," ते म्हणाले.

संशयाला जागाच नव्हती. उंबऱ्यावरच घरातल्या बाईंनी आत्याला कुंकू लावलं, मला लावलं, आणि आईपुढं आल्यावर त्यांचा हात थबकला. पप्पा गेल्यापासून आईच्या कपाळावर काही नव्हतं. बाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच 'लाव' म्हटलं. बाईंनी लावलं, चांगलं ठसठशीत. आई हललीसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, झालं, स्थळ पक्कं. याच घरात यायचं.

"पुरुष मंडळी मागून येयलेत का?" गृहस्थांनी विचारलं.

"नाय, आम्हीच," आत्या म्हणाली.

"बरंय. आता बायाच बघतात सगळं," असं म्हणून त्यांनी आईला पंख्याखालच्या मोठ्या खुर्चीवर बसवलं. मग एक मुलगी साडी सावरत पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मला वाटलं, निखिलची बहीण असेल. आईनं सहज विचारलं, "काय करतेस गं?" तर तिनं नाव, शिक्षण, उंची, पुरणाचा स्वयंपाक येतो हे सगळं खाली मान घालून एका दमात सांगितलं. माझ्या हातात पोह्यांची बशी तशीच राहिली. बहिणीला एवढं कशाला घाबरवलंय यांनी, असा विचार करत मी विचारलं, "आणि मुलगा कुठं दिसत नाही?"

गृहस्थ गोंधळले. "मुलगा तुमचा. तो आम्ही कसा दाखवणार?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांच्या मुलीला बघायला येणारे खरे पाहुणे वसाहतीच्या कमानीपाशी उभे राहून पत्ता विचारत होते. आमचे जाधव पलीकडच्या गल्लीतले. मग जे हसू फुटलं ते आवरेना. ती मुलगी तर ट्रे खाली ठेवून मोकळी हसली, आणि हसल्यावर किती छान दिसत होती. फक्त तिची आई हसत नव्हती. ती माझ्या आईच्या कपाळाकडं बघत होती.

"ताई, चुकून लावलं गेलं," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, मुलाची आई हायत..."

आई उठली, पदर नीट केला. "चूक पत्त्याची झाली. कुंकवाची नाही," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर आत्यानं रुमाल काढला. "पूस गं शोभा. त्या घरी असं जाऊ नये."

"राहू दे वन्सं."

गल्ली ओलांडायला काही क्षणच लागतात, पण तेवढ्यात माझं डोकं तापलं ते तापलंच. कपाळ तेच, बाई तीच. मुलाची आई आहे असं वाटलं की विधवेलाही कुंकू लागतं, पंख्याखालची खुर्ची मिळते. आता पुढच्या दारात ती मुलीची आई होणार होती.

खऱ्या जाधवांचं घर खरंच चांगलं होतं. खोल्या उजेडाच्या, स्वयंपाकघर ऐसपैस, पाण्याची टाकी मोठी. निखिलची आई बोलायला गोड होती. पण दारात आईचं कपाळ पाहून तिचा चेहरा जो आवळला तो सैल झाला नाही. चहा झाल्यावर ती म्हणाली, "वर्षाच्या आत करून टाकू. कन्यादानाला जोडपं लागतंय, तुमचे दीर-जाऊ बसतील ना?"

"आईच बसेल," मी म्हटलं.

आई माझ्याकडं बघत होती, कारण हे तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

"असं कुठं असतंय का, बाळा?" निखिलची आई म्हणाली. "आमच्यात चालत नाय. त्यांना कुणी मागं ढकलायलं का? पंगतीचं बघतील, खोलीत बसतील." निखिलचे वडील पेपरची घडी घालत म्हणाले, "तुम्ही दोघं जरा वर जाऊन बोला."

गच्चीवरून डोंगर दिसत होता आणि बायपासवरचे ट्रक. निखिल वाईट माणूस नव्हता. असता तर सोपं झालं असतं. "मला काही अडचण नाही," तो म्हणाला. "पण आईला आत्ता दुखवायला नको. तुम्ही आता हो म्हणा. मांडवात बघू."

"मांडवात काय बघू? माझी आई पुढं येऊन बसली आणि चार बायांनी तिला उठवलं, तर तुम्ही काय कराल?"

तो विचार करायला लागला. मी वाट पाहिली. तो विचारच करत राहिला. पप्पा गेल्यापासून मला इतकं स्पष्ट काही दिसलं नव्हतं. "तुम्ही विचार करा, मी निघते," म्हणून मी खाली आले.

आम्ही उठलो तशी निखिलची आई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आली. रीत ती रीत. आत्याला लावलं. मग माझ्यापुढं आली.

"आधी आईला," मी म्हटलं.

तिनं हात खाली घेतला नाही आणि पुढंही नेला नाही. "अगं, त्यांना कसं..."

"मग मलाही नको."

रस्त्यावर आल्यावर आत्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. "वर्ष गेलं तर तीन वर्षं थांबावं लागतंय, कळतंय का तुला? पुन्हा असं स्थळ येतंय का?" मी म्हटलं, थांबेन. "आणि मांडवात आपल्या रीतीला आग लावायची?" मी म्हटलं, रीतच म्हणते ना की मुलीला कोणीतरी द्यायचं. मी काही वस्तू नाही. पण माझ्या हाताखाली कोणाचा हात असायचाच असेल, तर मला वाढवलेल्या बाईचा असेल. आई आमच्या दोघींच्या पुढं चालत होती, नेहमीपेक्षा भरभर.

रिक्षात बसल्यावर आईच म्हणाली, "इथवर आलोय तर मकबरा बघू." पप्पांशिवाय ती स्वतःहून कुठं जाऊ म्हणाल्याचं मला आठवत नाही. रिक्षावाल्यानं बीबी का मकबरा दाखवत अभिमानानं सांगितलं, "बेटे ने माँ के वास्ते बनाया, अम्मा."

आईनं त्या पांढऱ्या घुमटाकडं पाहिलं. "जिवंत होती तेव्हा तिचं ऐकत होता का?"

रिक्षावाला आधी चपापला, मग इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. आत आम्ही कारंज्याच्या कडेनं हिंडलो. परत जाताना गरम इमरती खाल्ली, पाक माझ्या नव्या ड्रेसवर सांडला. तो ड्रेस मी घर बघण्यासाठीच शिवला होता. आई म्हणाली, "बरं झालं, आता रोज वापरता येईल."

तिसऱ्या दिवशी निघायच्या वेळी मी आत्याच्या पाया पडले. आदल्या दिवसाचं कुंकू अंघोळीबरोबर गेलं होतं आणि आईचं कपाळ पुन्हा मोकळं होतं. आत्यानं मला कुंकू लावलं आणि करंडा घेऊन देवघराकडं वळली. वळली आणि तिथंच उभी राहिली. मग परत आली, आईची हनुवटी धरली आणि तिच्या कपाळावर बोट टेकवलं.

"बाळू माझा भाऊ होता," ती म्हणाली. "त्याच्या बायकोला लावायचं का नाय, हे मी ठरवीन."

दोघी एकमेकींना धरून रडल्या. मी पिशव्या उचलल्या आणि बाहेर जाऊन रिक्षा थांबवली.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली. मी तिच्याकडं बघत विचार करत होते. बघायला गेले होते घर, आणि पाहून आले ते माझ्या आईला. वर्षाच्या आतली घाई कुणाला होती, हेही कळलं. मला नव्हती, आईला नव्हती. ज्यांना आम्हा दोघींचं काय करायचं ते कळत नव्हतं, त्यांना होती. तीन वर्षं म्हणजे फार मोठी शिक्षा असं सगळे सांगतात. तीन वर्षं आईबरोबर राहायला मिळणार, याला शिक्षा म्हणणाऱ्यांनी आपलं घर बघून घ्यावं.

नाशिकरोडला काका या वेळी फलाटावर आले होते. जाधवांचा फोन त्यांना आधीच आलेला असणार. त्यांनी आईच्या कपाळाकडं पाहिलं, नजर बाजूला घेतली, आणि मलाच विचारलं, "घर कसं होतं?"

मी तोंड उघडण्याआधी आई बोलली. "मोठं होतं, भाऊजी. खोल्या भरपूर, पाणी भरपूर. मला बसवायला तेवढी जागा नव्हती. मग मुलगी कुठं ठेवायची?"